बकुळवहिनीने सगळ्यांना सांगितलं

वहिनीची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि मागच्या फेब्रुवारीत एका सकाळी आंघोळीच्या वेळी तिला पुन्हा डाग दिसला. एवढासा, बोटभर. तिने कपडा धुऊन टाकला, दादाच्या चहाचं आधण ठेवलं, स्वतःचा डबा भरला आणि रोजच्या वेळेला स्कूटी काढून ऑफिसला गेली. कोणाला काही बोलली नाही.

वहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, विश्वंभरदादाची बायको. बकुळ करंबेळकर. मूळची भुसावळची. तिथेच रेल्वेची परीक्षा देऊन कारकून झाली आणि लग्नानंतर बदली घेऊन झाशीला आली, तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता ती सत्तावन्नची आहे आणि मी, देविका, एक्कावन्नची. झाशीच्या नगरा भागात आमची घरं दोन गल्ल्या सोडून आहेत. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. दादा रेल्वेच्या वर्कशॉपमधून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. वहिनीची अजून तीन वर्षं आहेत.

ऑफिसात तिच्याकडे कर्मचाऱ्यांच्या वारसांची कागदपत्रं असतात. कोणाच्या पश्चात कोणाचं नाव लागायचं, ते. लोक वर्षानुवर्षं तो फॉर्म भरत नाहीत, आणि मग अचानक माणूस गेला की त्याची बायको मुलांना घेऊन वहिनीच्या टेबलापुढे येऊन उभी राहते. म्हणून वहिनी लोकांना बोलावून बोलावून फॉर्म भरून घेते. तिच्या खात्यात तिला घाबरतातही आणि मानतातही.

दुसऱ्यांदा डाग दिसला तो सतरा दिवसांनी, जरा जास्त. त्याच दिवशी तिच्यासमोर एक फिटर बसला होता आणि नेहमीप्रमाणे म्हणत होता, "मॅडमजी, अगले महीने पक्का." वहिनी त्याला म्हणाली, "भैया, अगला महीना किसने देखा है? आज भरिए." आपलं वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं, असं तिने मला नंतर सांगितलं. फिटरने फॉर्म भरला. तो जाताच तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मला शाळेत फोन केला.

"देविका, सुटल्यावर सदर बाजारला ये. मला एका बाईंना दाखवायचंय. दादाला आत्ता काही सांगू नकोस."

डॉक्टरीणबाई साठीच्या आसपासच्या, पांढरे केस बारीक कापलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पहली बार कब दिखा?"

"सतरह दिन हो गए," वहिनी खाली मान घालून म्हणाली. तिला त्या सतरा दिवसांची लाज वाटत होती.

"सतरह दिन में आ गईं!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हमारे यहाँ औरतें साल-साल भर बैठी रहती हैं. सोचती हैं गर्मी है, कमज़ोरी है. महीना बंद होने के बाद एक बूँद भी आए तो दिखाना चाहिए. आपने ठीक किया."

सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. दोन दिवसांनी तिथला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत वहिनीने एकही रजा घेतली नाही. मीच वर्गात दोनदा सोपी बेरीज चुकले.

रिपोर्टमध्ये कर्करोग निघाला. सुरुवातीचा होता, पण होता.

दादाला सांगताना मी तिथेच होते. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मटार सोलत होता. वहिनीने त्याच्या हातातली शेंग काढून घेतली आणि एका दमात सगळं सांगितलं. दादा एकदम उठला.

"मुंबईला जाऊ. आजच्या पंजाब मेलचं बघतो. माझ्या ओळखीचा टीसी आहे."

"अहो, बसा," वहिनी म्हणाली. "मुंबईला आपलं कोण आहे? ग्वाल्हेरला याचं ऑपरेशन होतं, मी चौकशी केलीय. दीड तासावर आहे. तुम्हाला ये-जा करता येईल, मयुराला लखनऊहून येता येईल. ऑपरेशन एका दिवसाचं असतं, पण नंतर वर्षानुवर्षं तपासायला जायचंय. दर वेळी मुंबई कुठे गाठणार?"

दादा परत स्टुलावर बसला. "तू कधी चौकशी केलीस?"

"रिपोर्ट यायच्या आधी. वाईट आलं तर काय करायचं ते मला आधी ठरवून ठेवायचं होतं."

ऑपरेशनची तारीख एप्रिलमधली मिळाली. त्याआधीच्या रविवारी मयुरा, त्यांची एकुलती एक मुलगी, लखनऊहून आली. ती तिथे बँकेत आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण बोलताना अर्ध्यावर हिंदीत घसरते. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, तू टेन्शन नको घेऊ, मी सब कुछ देखून घेईन."

"तेच तुला करायचंय," वहिनी म्हणाली. "जेवा आधी."

तिने साखरभात केला होता. जेवणं झाली, ताटं उचलली, आणि वहिनीने टेबल पुसून त्यावर दोन कागद ठेवले. ऑफिसात ठेवते तसे, कडा जुळवून. कागदांवर तिच्याच अक्षरात मजकूर होता. ती स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसली तर तिच्या उपचारांबद्दल कोणी बोलायचं, काय करायचं, आणि बरं होण्याची आशाच उरली नाही तर काय करायचं नाही.

"ऑपरेशन चांगलं होणार आहे," ती म्हणाली. "मी काही निरवानिरव करत नाहीये. पण हे आज ना उद्या लागणारच, तर आज लिहू. माझ्या वतीने मयुरा बोलेल."

दादाने मान वर केली. "मयुरा? मी असताना?"

वहिनीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

"अहो, आईंच्या वेळी काय झालं, आठवा."

आठ वर्षांपूर्वी आमची आई अकरा दिवस मशीनवर होती. ऐंशीला आलेली. आधी ती आम्हाला कितीदा तरी म्हणाली होती की मला घरी जाऊ द्या, माझ्या पलंगावर. पण डॉक्टर बाहेर येऊन विचारायचे तेव्हा दादा हात जोडून म्हणायचा, "डॉक्टरसाहब, आप जो ठीक समझें." आणि मी त्याच्या शेजारी उभी राहून काहीच बोलायचे नाही. वहिनी बाकड्यावर बसलेली असायची. सुनेला कोणी विचारलंच नाही.

"तुम्ही वाईट मुलगा नव्हता," वहिनी म्हणाली. "तुम्हाला आईंना सोडवत नव्हतं. तुम्हाला मलाही सोडवणार नाही, ते मला माहितेय. म्हणून तुमच्यावर टाकत नाही."

दादा उठून गच्चीवर गेला. वीस मिनिटं तो वर कुंड्यांमध्ये काहीतरी खुडत होता. मयुरा त्याच्यामागे जायला निघाली तर वहिनीने तिला खांद्याला धरून बसवलं. मग तो खाली आला. डोळे लाल होते.

"मग मी काय करायचं?" त्याने विचारलं.

"तुम्ही माझ्याजवळ बसायचं. मयुरा बाहेर कागद घेऊन धावत असेल. मला शुद्ध येईल तेव्हा माणूस दिसायला हवा समोर. तो तुम्ही."

दादाने मान हलवली. मयुराने कागद उचलून दोनदा वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे माझ्याने होईल, आई?"

"होईल. नाही झालं तर आत्याला विचार. पण बोलायचं तूच."

साक्षीदार दोघं लागत होते. माझ्याशिवाय शेजारच्या केशवरावांना बोलावलं. ते निवृत्त गार्ड, सत्तरीचे. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, हे असलं अशुभ आधी कशाला लिहायचं?"

"केशवराव, गाडी सुटायच्या आधी तुम्ही ब्रेक तपासत होतात ना?"

"रोज. चौतीस वर्षं."

"अपघात व्हावा म्हणून तपासत होतात का?"

केशवराव हसले आणि त्यांनी सही केली. सोमवारी वहिनीने तिच्या ऑफिसातल्या मोठ्या साहेबांसमोर त्यावर त्यांची राजपत्रित सही-शिक्का घेतला. साहेब म्हणाले, "करंबेळकर मैडम, ऐसा कागज मैंने पहली बार देखा है. इसका नमूना मुझे भी दीजिए."

ग्वाल्हेरचं ऑपरेशन दुपारी झालं. गर्भाशय आणि बीजकोश दोन्ही काढले. तिला शुद्ध आली तेव्हा दादा समोरच होता. तिचा हात धरून बसला होता आणि तिने डोळे उघडताच काय बोलावं ते न सुचून म्हणाला, "गाडी वेळेवर आहे." परिचारिका हसायला लागली. वहिनी हसली तर टाके ताणले, म्हणून ती त्याच्यावर रागावली. मी दारात उभी राहून दोघांकडे बघत होते. मयुरा बाहेर फाईल घेऊन डॉक्टरांना एकामागून एक प्रश्न विचारत होती, खणखणीत हिंदीत, आणि उत्तर कळलं नाही तर पुन्हा विचारत होती.

काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट चांगला आला. रोग आत पसरला नव्हता. पुढचं काही औषध, किरण वगैरे लागणार नाही, फक्त दर तीन महिन्यांनी तपासणी. सहा आठवडे जड काही उचलायचं नाही. त्या सहा आठवड्यांत दादा खिचडी, पोहे आणि पिठलं शिकला. पोळीचं मात्र त्याला जमलं नाही, ती मी करून न्यायचे. जूनमध्ये वहिनी पुन्हा स्कूटीवर ऑफिसला गेली.

इथपर्यंत झालं ते आमच्या घरातलं झालं. पुष्कळ घरांत ते तिथेच थांबतं, वर "कोणाला सांगू नका हं" असंही असतं. आमच्याही एका नातेवाइकांनी फोनवर मला सुचवलं होतं, की मयुराचं लग्न व्हायचंय, उगाच बोभाटा नको. मी ते वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "ज्या घराला हे ऐकून मुलगी नको होईल, त्या घरात मला मुलगी द्यायची नाही."

गणपतीत आमच्या महाराष्ट्र मंडळात एक दुपार बायकांची असते. पाककृतींची स्पर्धा, थोडी गाणी. वहिनीने यंदा त्यात अर्धा तास मागितला. मंडळाचे अध्यक्ष नानासाहेब. झाशीतल्या जुन्या घराण्यातले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांचे पूर्वज इथे पूजाअर्चेसाठी आले त्याला अडीचशे वर्षं झाली. विषय ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"बकुळाबाई, गणपतीपुढे हे विषय बरे दिसतील का? पुरुषमंडळी असतात."

"पुरुषमंडळींनी पाच ते साडेपाच खाली चहा घ्यावा," वहिनी म्हणाली. "वर फक्त बायका. आणि नानासाहेब, गणपतीला आई आहेच की."

त्या दिवशी पाच वाजता पुरुष खाली गेले.

वर साठेक बायका होत्या. माइक होता, पण वहिनीने तो बाजूला ठेवला. तिने हिरवी इरकल नेसली होती. मी पहिल्या रांगेत बसले होते.

"मला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता," ती म्हणाली. "पाळी जाऊन सहा वर्षं झाल्यावर डाग दिसला, त्यावरून कळलं. सतरा दिवस मी ते लपवलं. बघा, मी दिवसभर लोकांना सांगते कागद भरा, उद्यावर टाकू नका, आणि स्वतःच्या शरीराचं मात्र टाकलं. आपल्या घरांत याचं साधं नावसुद्धा घेत नाहीत. मी आज नाव घेतेय. पाळी गेल्यावर रक्त दिसलं, थेंबभर जरी, तरी डॉक्टरला दाखवायचं. बहुतेक वेळा साधंच काही असतं. माझं साधं नव्हतं, पण लवकर दाखवलं म्हणून मी इथे उभी आहे."

मागे दोन सुना एकमेकींकडे बघून खुसुखुसु हसल्या. वहिनीने त्यांच्याकडे पाहिलं. "हसा, हसा. मलाही पहिल्यांदा सांगताना हसू आलं होतं. पण घरी जाऊन सासूबाईंना विचारा."

मग तिने बाकीचंही सांगितलं. वर्षातून एकदा बीपी, साखर. हाडांचं. छातीत गाठ लागते का ते स्वतः कसं बघायचं. आणि तो कागद, आपल्या वतीने कोण बोलणार त्याचा. तेवढ्यात नानासाहेबांच्या पत्नी, उषाकाकू, सत्तरीच्या, नऊवारीतल्या, उठल्या आणि आपली पुरणपोळ्यांची थाळी स्पर्धेच्या टेबलावरून उचलून खाली निघून गेल्या. सगळ्यांनी पाहिलं. मला वाटलं, संपलं. आता मंडळात आपल्याला नावं ठेवणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीकडे होते तर दारात ई-रिक्षा थांबली. उषाकाकू एकट्याच उतरल्या. आत येऊन पाणीसुद्धा घेतलं नाही.

"बकुळ, मला आठ महिने झाले," त्या म्हणाल्या. "मधून मधून अंगावर जातं. आणि मी काल तशीच उठून गेले, तुला वाईट वाटलं असेल. पण मला तिथे बसवेना गं."

वहिनीने त्यांना पलंगावर बसवलं आणि स्वतः खाली जमिनीवर बसली, त्यांच्या पायांपाशी. "काकू, नानासाहेबांना माहितेय?"

"नाही. त्यांना नको सांगूस. सूनबाईला तर मुळीच नको."

"मी नाही सांगणार. ते तुमचं आहे. मी तुमच्याबरोबर येते, आज चला म्हणालात तर आज. पण काकू, मी घरात न सांगता आठ दिवस रिपोर्टची वाट पाहिलीय. घरात माणूस असताना एकटं बसू नये."

पदराचं टोक बोटाला गुंडाळत उषाकाकू म्हणाल्या, "आज नको. उद्या चल."

दुसऱ्या दिवशी सदर बाजारच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तर नानासाहेब आधीच बाहेर बाकावर बसले होते. धोतर, काळी टोपी, हातात थर्मास. उषाकाकूंनी रात्री त्यांना सांगितलं होतं. वहिनीला पाहून ते उठून उभे राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस सत्तावन्नच्या बाईसाठी उभा राहिला.

"बकुळाबाई," ते म्हणाले, "बावन्न वर्षं एका घरात राहतो आम्ही. मला कळलं नाही हो."

"आता कळलं ना," वहिनी म्हणाली. "चहा आणलात का काकूंसाठी?"

काकूंच्या गर्भाशयात छोटा पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, निघाला. साधा. तो काढून टाकला आणि त्या संध्याकाळी घरी गेल्या. मंडळाच्या पुढच्या बैठकीत नानासाहेबांनी स्वतः ठराव मांडला, की दर वर्षी पन्नाशीपुढच्या बायकांची तपासणी मंडळातर्फे करायची आणि व्यवस्था बकुळाबाईंकडे. वहिनीने व्यवस्था घेतली, पण अट घातली की नावनोंदणी सुनांनी करायची, आधी हसल्या होत्या त्याच दोघींनी. पहिल्या खेपेला एकवीस जणी आल्या. तिघींना साखर निघाली, एकीला थायरॉईड. दादा बायकांना स्कूटरवरून बसस्टँडपर्यंत सोडत होता आणि प्रत्येकीला सांगत होता, "माझी मिसेस आहे ती."

उषाकाकूंचं माहेर मऊरानीपूरचं. जानेवारीत त्यांनी वहिनीला गळ घातली, की तिथल्या बायकांना पण सांग, तिथे मराठी कोणी उरलं नाही, हिंदीत बोल. एका रविवारी आम्ही तिघी बसने गेलो. काकूंच्या ओळखीच्या एका धान्यवाल्याच्या घराच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या. थंडीतलं उबदार ऊन पडलं होतं. चाळीस-पन्नास बायका, कोणी शेतावरून तशाच आलेल्या, बऱ्याच जणी डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढलेल्या. वहिनीने झाशीत सांगितलं तेच हिंदीत सांगितलं. आणखी साधं करून, नाव घेऊन.

बोलणं झाल्यावर मागच्या भिंतीशी बसलेली एक म्हातारी उठली. हातात चांदीची जाड कडी, पाय अनवाणी. ती बुंदेलीत मोठ्याने म्हणाली, "काय बिन्ना, डॉक्टर लुगाई है कि आदमी?"

"लुगाई है अम्मा, औरत ही है," वहिनी म्हणाली.

"और तुम संगे चलहौ?"

वहिनीने उषाकाकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सोमवारी तिला ऑफिस होतं.

"चलूँगी," ती म्हणाली. "नाम बताओ अम्मा, लिख लूँ."

म्हातारीने नाव सांगितलं. तिच्या शेजारचीनेही सांगितलं. मग भिंतीच्या कडेने एकेक पदर वर सरकत गेला आणि चेहरे दिसायला लागले. वहिनीने पिशवीतून वही काढली. माझं अक्षर चांगलं म्हणून तिने ती माझ्या हातात दिली, आणि मी लिहीत गेले.